अडलेला थ

थोरलीला दुसऱ्यांची वाक्यं पुरी करायची खोड होती. समोरच्यानं 'काल दुकानात' एवढं म्हणावं आणि हिनं 'गर्दी असेल' म्हणून मोकळं व्हावं. पुढे नाव झालं, मुलाखती सुरू झाल्या, तेव्हाही प्रश्न विचारणारा अर्ध्यावर असतानाच ही उत्तर द्यायला लागायची आणि लोक म्हणायचे, काय हुशार बाई आहे. हुशार वगैरे काही नाही. ती सवय होती आणि घरून आलेली होती, कारण घरी धाकटी होती.

धाकटी अडखळायची. शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर तिची गाडी रुतायची आणि चाक जागच्या जागी फिरत राहायचं. त्यातही 'क' आणि 'थ' तिचे जन्माचे वैरी. पाहुणे माना वाकड्या करून तिच्या तोंडाकडे बघत, तिचे कान लाल होत आणि आईचा जीव टांगणीला लागे. मग थोरली पुढे सरसावायची. धाकटीनं 'क' म्हणायचा अवकाश, 'कपाट उघडं राहिलंय म्हणतेय' असं सांगून ही सगळ्यांना सोडवायची. आई कौतुकानं म्हणायची, थोरली म्हणजे धाकटीचं तोंड आहे. धाकटीला स्वतःचं एक तोंड होतं, हे त्या कौतुकात राहूनच गेलं.

बहुतेक वेळा थोरलीचा अंदाज बरोबर निघायचा. नाही निघाला तरी धाकटी तक्रार करत नसे. एकदा ती 'चा, चा' करत आली, तर थोरलीनं तिच्या हातात चहाचा कप ठेवला. धाकटीनं तो निमूट प्यायला, कप विसळून ठेवला आणि जिन्यात जाऊन बसली. संध्याकाळी आई कामावरून आली तेव्हा कळलं की पोरीला चावी हवी होती, वरच्या खोलीत तिचे रंग अडकले होते. घरात या गोष्टीवर पोट धरून हसून झालं. धाकटीही हसली.

थोरली पियानो शिकायची. शिकवणाऱ्या बाई एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर राहत. त्यांच्या खोलीत पियानो तेवढा ऐसपैस पसरलेला, बाकी पलंग, टेबल आणि स्वतः बाई अंग चोरून. बाई शास्त्रीय वळणाच्या, कडक. मनगट खाली गेलं की पेन्सिलीचा फटका. पेडलवर पाय रेंगाळला की, 'पाय आहे की पोतं?' टकटक करत लय सांगणारा मेट्रोनोम त्या घरात एखाद्या खडूस आजोबांसारखा उंच जागी बसलेला असे आणि त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. बाईंचा सगळा जोर विरामावर. स्वर काय, कुणीही वाजवतं, असं त्या म्हणत; दोन स्वरांमध्ये गप्प बसायचं असतं ते वाजवून दाखव.

वडील गेल्यापासून आई दिवसभर कामावर असे, त्यामुळे धाकटीही शिकवणीला सोबत जायची. बसून बसून ती पानं उलटायला शिकली. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून त्यानं मान हलवायची आणि शेजारच्यानं उठून, आवाज न करता, ओळ संपायच्या जरासं आधी पान फिरवायचं, अशी रीत असते. धाकटीसाठी मान हलवावी लागत नसे. थोरलीच्या श्वासावरून तिला कळायचं. बाई एकदा म्हणाल्या, ही पोरगी ऐकते. थोरलीला ते जरा झोंबलं, कारण बाईंनी तिचं स्वतःचं कौतुक कधी एवढं लांबलचक केलं नव्हतं.

वाचेच्या डॉक्टरांनी मग एक उपाय सांगितला. अडखळणारी मुलं गाताना अडखळत नाहीत, तेव्हा हिला गाऊन बोलू द्या. आणि खरंच, गाताना धाकटीचं एक अक्षरही अडेना. संध्याकाळी थोरली घरच्या जुन्या पियानोवर दोन-चार सूर धरून ठेवायची आणि धाकटी दिवसभराचं सगळं गाऊन सांगायची: शिक्षिका फळ्यापाशी कशा शिंकल्या, कुणाचा डबा कुणी पळवला, गणिताची कशी वाट लागली. आवाज पातळ पण सरळ, धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखा. थोरलीनं सूर बदलला की तीही बदलायची. त्या घरात 'मीठ संपलंय' हे वाक्यसुद्धा चालीवर म्हटलं गेलेलं आहे.

थोरलीच्या गाण्यांची जी रीत पुढे गाजली, बोलल्यासारखं गायचं आणि गाण्याखालून पियानोनं आपल्या चालीनं चालत राहायचं, ती तिथली. हे तिनं कुठं सांगितलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. या नागोबाला मात्र बरीच वर्षं मनापासून वाटत होतं की बीळ आपणच खणलं.

मोठ्या शहरातल्या संगीत विद्यालयात थोरलीला प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी बसस्टँडवर आई आणि धाकटी सोडायला आल्या होत्या. आईनं दहा सूचना दिल्या, डोळे पुसले आणि पुन्हा त्याच दहा दिल्या. बसचं इंजिन सुरू झालं, थोरली खिडकीशी बसली. आणि एकाएकी धाकटी बाकापासून धावत खिडकीखाली आली, हात वर करून काहीतरी सांगायला लागली.

'थ,' ती म्हणाली. 'थ, थ.' पहिला थ घाईचा, दुसरा नेमका, तिसरा ओढलेला, आणि मग जिभेला कुलूप लागलं ते निघेचना.

थोरलीला शब्द माहीत होता. थांब. दुसरा कुठला असणार? ज्या घरात कुणी नीट ऐकत नाही त्या घरातून धाकटीचं तोंड निघून चाललं होतं. आजवर तिचे हजार शब्द थोरलीनं पुरे केले होते, तेवढा एक मात्र केला नाही. केला असता तर खाली उतरावं लागलं असतं. ती नुसती हसली, हात हलवला. बस निघाली. धाकटी थोडं अंतर बसबरोबर धावली आणि मग धुरात मागे राहिली.

थोरली वाटभर रडली. रडून घसा कोरडा पडला तेव्हा आईनं दिलेला चहा आठवला, तर तोही कुठं सापडेना. बरोबरच्या सामानातून काहीतरी लांबवलं जाणारच, असं म्हणत तिनं शेजारणीकडे संशयानं पाहिलं. शेजारीण बिचारी तोंड उघडं टाकून झोपली होती. 'माझी बहीण मला थांब म्हणत होती आणि मी थांबले नाही,' हे वाक्य थोरलीच्या मनात त्या बसमध्येच तयार झालं आणि तिथून हललं नाही.

विद्यालयात ती चांगल्यांपैकी होती, पण सगळ्यांत चांगली नव्हती, आणि पियानोच्या दुनियेत चांगल्यांना कुणी विचारत नाही. शिक्षण संपल्यावर ती एका हॉटेलच्या दिवाणखान्यात वाजवायला लागली. लोक सूप भुरकत, चमचे वाजत, कुणी मान वर करून बघत नसे. एक दिवस तिथल्या गायिकेचा घसा बसला आणि व्यवस्थापकानं हिला विचारलं, दोन गाणी म्हणशील का. हिनं म्हटली. चमचे थांबले.

तिथून ती सोल गायला लागली. सोल म्हणजे आत जे काही आहे ते न झाकता गळ्यातून सोडायचं. बाईंच्या भाषेत, चारचौघांत रडायचं. पण रडणारे पुष्कळ असतात. हिची बोटं बाईंच्या हाताखालून गेलेली होती, त्यामुळे ही रडायची तेही लयीत, मनगट खाली न जाऊ देता. हॉटेलातून छोट्या सभागृहांत, तिथून रेकॉर्डिंगच्या खोलीत, असा जम बसत गेला. वेगळेपण म्हणून बोट ठेवावं असं मात्र अजून काही नव्हतं.

मग ते गाणं आलं. बसच्या खिडकीतल्या त्या प्रसंगावरच तिनं ते लिहिलं होतं, नाव 'थांब'. तालमीच्या खोलीत, जिथं आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले होते, तिथं ती ते गाऊन बघत होती. गाणं नीटस होतं आणि मेलेलं होतं. कंटाळून, अगदी स्वतःशीच, तिनं ते धाकटीसारखं म्हटलं. पहिला थ घाईचा, दुसरा नेमका, तिसरा ओढलेला. हात पट्ट्यांवर चालतच राहिले आणि आवाज मात्र दाराशी अडून उभा. शेवटी 'थांब' सुटला तेव्हा ड्रमवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, हे काय केलंस?

काय केलं ते तिला त्याच क्षणी कळलं होतं. बाईंनी शिकवलेला विराम आणि धाकटीचा थ तिनं एवढ्या सफाईनं जोडले होते की सांधा दिसत नव्हता. तिच्या अंगावर काटा आला. प्रेमापोटी उचललं तर ती चोरी नव्हे, असं तिनं स्वतःला समजावलं. धाकटीला विचारायचं मनात आलं. पण विचारलं तर नाही म्हणायला तिला जागा राहते, हेही मनात आलं, आणि थोरलीनं विचारलं नाही.

गाणं वणव्यासारखं पसरलं. टॅक्सीत तेच, सलूनमध्ये तेच, शाळेच्या पटांगणात पोरं एकमेकांना अडवून थ, थ, थांब करायला लागली. मोठमोठ्या सभागृहांबाहेर तिच्या चेहऱ्याचे फलक लागले. मुलाखतीत दर वेळी एकच प्रश्न यायचा, ही अडखळ सुचली कुठून, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचं उत्तर तयार असायचं: माझ्या शास्त्रीय शिक्षणातून, माझ्या बाईंनी मला विराम शिकवला. तसं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. जगाची अर्धी वाक्यं पुरी करणाऱ्या बाईनं हे एक वाक्य मात्र अर्ध्यावर ठेवलं.

अशीच एक मुलाखत रेडिओवर ऐकून बाईंचा फोन आला. आता फार थकल्या होत्या, पण आवाज पेन्सिलीच्या फटक्यासारखाच.

"विराम माझा आहे, तो मी ओळखला," बाई म्हणाल्या. "अडखळ कुणाची आहे?"

थोरलीनं नीट ऐकू येत नाही म्हणून फोन ठेवला. नीट ऐकू आलं होतं. खाई त्याला खवखवे. त्या दिवसापासून गाण्यातला तो थ जवळ आला की तिला घशात काहीतरी टोचायला लागायचं, आणि गंमत म्हणजे त्या टोचण्यानं गाणं आणखीच चांगलं व्हायचं. लोक म्हणायचे, काय दर्द आहे.

घरी ती आठवड्याला फोन करायची. बोलायची आईच. धाकटी मागे कुठेतरी असायची, भांडी ठेवल्याचा आवाज यायचा. गाण्याबद्दल धाकटीनं कधी काही म्हटलं नाही आणि थोरलीनं काढलं नाही. न काढलेला विषय घरातल्या जड कपाटासारखा असतो, सगळे त्याला वळसा घालून चालायला शिकतात.

आणि मग आईनंच एकदा, भाजीचे भाव सांगावे त्या आवाजात, सांगून टाकलं. धाकटी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. ती नोकरी तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची दांडी वाकवायची, भिंग बदलून विचारायचं, हे स्पष्ट दिसतं की ते. तिथं तिचं बरं चाललं होतं, कारण चष्मा काढलेल्या माणसाला समोरच्याचं तोंड दिसत नाही आणि त्याला घाईही नसते. पण गाणं आलं. आता ती अडली की गिऱ्हाइकं खूश होऊन हसायची. वाईट मनानं नव्हे, लाडानं. वा, हुबेहूब करता, असं म्हणायची. एकानं मोबाइल पुढे धरून सांगितलं, पुन्हा करा ना. मालक भला माणूस, त्यानं तिला मागच्या खोलीत भिंगं घासायच्या मशीनवर बसवलं.

"आवाज फार असतो म्हणे मशीनचा, बोलावंच लागत नाही," आई म्हणाली. "म्हटलं, बरंच झालं. घरीही हल्ली गप्पच असते. आधी गाऊन तरी बोलायची, तेही सोडलंय."

थोरलीनं फोन ठेवला. गाणं ही धाकटीची एकच जागा होती जिथं ती अडत नसे. थोरलीनं तिची अडखळ उचलली ती उचलली, आणि नेऊन ठेवली नेमकी त्या जागेत. आता त्या पोरीला बोलायलाही तोंड उरलं नव्हतं आणि गायलाही. एवढं नेमकं नुकसान तर शत्रूलाही जमलं नसतं. ती आरशासमोर गेली आणि स्वतःला मोठ्यानं चोर म्हणाली, पण रिकाम्या घरात म्हटलेल्या शब्दाला काय किंमत.

तिनं ठरवलं ते असं. गावच्या सभागृहात तिचा कार्यक्रम लागला होता, रविवारी दुपारचा. त्याच सभागृहात लहानपणी ती स्पर्धेत वाजवायची आणि धाकटी शेजारी उभी राहून पानं उलटायची. तिथं, धाकटीच्या समोर, ती 'थांब' सरळ म्हणणार होती. एकही थ न अडवता. आणि मग पुन्हा कधीच अडवणार नव्हती. मॅनेजरनं कपाळाला हात लावला. ती अडखळ म्हणजेच तू, असं त्याचं म्हणणं, आणि लोक कशासाठी येतात ते विसरू नकोस. थोरलीनं त्याचंही वाक्य पुरं होऊ दिलं नाही. आईला तिनं बजावून सांगितलं की धाकटीला घेऊनच ये. मनातून तिला, खरं सांगायचं तर, जरा हलकंही वाटत होतं. परत करायचं ठरवलं की चोराला आपण दानशूर असल्यासारखं वाटायला लागतं.

रविवारी सभागृह भरलं. तिसऱ्या रांगेत आई नव्या कपड्यांत, शेजारी धाकटी, दुकानातून तशीच आल्यासारखी, बाह्या दुमडलेल्या. थोरलीनं आधीची गाणी कशीबशी उरकली. मग तिनं 'थांब'चे पहिले सूर वाजवले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

धृपद आलं. तिनं सरळ म्हटलं, "थांब." साधं, अखंड, धाकटी गाताना म्हणायची तसं. सभागृह क्षणभर गोंधळलं. कुणाला वाटलं माईक बिघडला, कुणाला वाटलं बाई विसरली. दुसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा लोकांनी तिची चूक सुधारली. थ, सभागृह म्हणालं. थ. थ. पहिला घाईचा, दुसरा नेमका, तिसरा ओढलेला, आणि मग सगळ्यांनी मिळून सोडलेला 'थांब'. सगळ्यांना पाठ होतं. माना मागे टाकून, एकमेकांकडे बघून हसत, ते एका मुलीच्या जिभेवर अडलेला शब्द अडवून दाखवत होते. थोरली सरळ गात राहिली आणि तिचा आवाज त्या गर्दीत दिसेनासा झाला. तिनं मोठ्यानं म्हटलं तर ते आणखी मोठ्यानं अडले.

वस्तू परत करायला ती हातात असावी लागते. ही आता तिच्या हातात नव्हतीच. तिनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आई टाळ्या देत होती, बिचारीला वाटत होतं कार्यक्रम रंगलाय. धाकटी मांडीवरच्या हातांकडे बघत बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

कार्यक्रम संपल्यावर धाकटी आत आली. आई बाहेर, गायिका आपली कोण लागते हे भेटेल त्याला सांगण्यात गुंतली होती. रंगमंचामागची ती खोली लहान, एक आरसा, दोन खुर्च्या, हात मोकळे करायला भिंतीशी एक जुना पियानो. थोरलीनं दार लावलं आणि बोलत सुटली. मी तुझं उचललं, विचारलं नाही, जगाला खोटं सांगितलं. मी आता ते गाणं गाणार नाही, पेपरवाल्यांना बोलावून खरं सांगते, तू म्हणशील ते करते. तिला सगळे शब्द येत होते, एकही अडत नव्हता. स्वतःचंच ते सराईत बोलणं तिच्या कानांना घाण वाटायला लागलं, तरी तोंड थांबेना.

"आणि त्या दिवशी," ती रडत म्हणाली, "तू मला थांब म्हणत होतीस, चिमे. मला कळलं होतं. कळूनसुद्धा मी बसून राहिले."

धाकटीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून थोरली तयार होती. राग नव्हता. चष्म्याच्या दुकानात चुकीचं भिंग लावून 'छान दिसतंय' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती जसं बघत असेल तसं ती बघत होती.

"थ," धाकटी म्हणाली, आणि अडली.

थोरलीला वाटलं, गाऊन सांगायचं असेल. तिनं घाईघाईनं पियानोचं झाकण उघडलं, जुने सूर धरायला हात पुढे केला. धाकटीनं तिचा हात बाजूला सारला आणि झाकण लावून टाकलं. तिला बोलायचं होतं. ती पुन्हा लागली. थ. थ. मानेची शीर ताठ झाली, डोळे मिटले गेले. थोरलीच्या तोंडात तो शब्द आयता येऊन बसला होता. तिनं ओठ घट्ट मिटून धरले. बाहेर कुणीतरी तेच गाणं गुणगुणत गेलं. खोलीतला विराम लांबत गेला, आणि आपल्याला बाईंनी शिकवलेला हा एक धडा कधी आलाच नव्हता, हे थोरलीला कळलं. वाजवून दाखवता येत होता, तेवढंच.

"थर्मास," धाकटी म्हणाली.

थोरलीला काही समजलं नाही.

"थर्मास रा... राहिला होता, ताई. बा... बाकावर. आईनं चहा दिलेला." धाकटीनं श्वास घेतला. थोरलीनं तिला तो घेऊ दिला. "तू थांबावंस असं म... मला वाटलंच नव्हतं. मी खूश होते. म्हटलं, आता आपलं वा... वाक्य आपल्याला पुरं करायला मिळेल."

बोलायला तिला वेळ लागला. एवढ्याशा वाक्यांना एवढा वेळ लागतो आणि तो दिला तर ती पुरी होतात, ही साधी गोष्ट थोरली आज पहिल्यांदा बघत होती. तिला आधी हसू आलं. ज्या गाण्यावर लोक रडले, ते एका थर्मासवरचं होतं. मग हसू जिथल्या तिथं थिजलं. सोडून गेल्याचा गुन्हा तिनं इतकी वर्षं उराशी धरला होता, गाऊन दाखवला होता, त्यावर मोठी झाली होती, आणि तो गुन्हा तिनं केलेलाच नव्हता. केलेला होता तो दुसराच, आणि तो ती रोज करत होती, चहाच्या त्या कपापासून.

तिनं विचारलं, मी आता काय करू. दुकानात येऊन मालकाशी बोलू का? धाकटीनं नकारार्थी मान हलवली. दुकानाचं मी बघते, असं तिनं सांगितलं, आणि 'क'वर, 'थ'वर अडत, थांबत, पूर्ण सांगितलं: ती सोमवारी पुन्हा काउंटरवर बसणार होती, मालकाला कालच सांगून झालं होतं, आणि लोक हसले तर हसतील. थोरलीचं ते परत करणं वगैरे तिला नको होतं.

"माझं होतं ते," ती म्हणाली. "वि... विचारायचंस तरी."

थोरली खाली मान घालून बसली. कानात धाकटीचं ते वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, 'माझं होतं ते', पाच स्वर उतरते, आणि त्यानंतर तो 'वि'वरचा छोटा खड्डा. काय सुंदर पडतं ते, असं तिच्या मनात आलं. डाव्या हातानं खाली एकच सूर धरून ठेवायचा आणि वर हे असं.

धाकटी तिच्याकडे बघत नव्हती. तिच्या मांडीकडे बघत होती. थोरलीनंही खाली पाहिलं. तिची बोटं मांडीवर चालली होती, हळू, लयीत, मनगट अगदी बाईंना हवं तसं.

धाकटीनं त्या बोटांवर आपला हात ठेवला. हात खरखरीत होता, भिंगं घासून घासून. लहानपणी पान दाबून धरायची तसा तिनं तो दाबून धरला.

"आणि ताई," ती म्हणाली, "ह्याचं गाणं क... क..."

थोरली थांबली.

"करू नकोस."